सहा कप्प्यांपैकी एक

‘सगळीकडे शोधलं, नाही सापडलं,’ असं तुम्ही शेवटचं कोणाला सांगितलंत? आणि तेव्हा तुमचं ते ‘सगळीकडे’ नेमकं कुठे कुठे होतं?

मी हे विचारते, कारण मी स्वतः तसं सांगितलेलं आहे. समोर बसलेल्या एका म्हाताऱ्या बाईला, तोंडावर, जराही न अडखळता. मी खोटं बोलत नव्हते. खोटं बोलणाऱ्यांची मला लहानपणापासून चीड आहे. मी चुकीचं बोलत होते आणि ते मला ठाऊक नव्हतं. हे खोट्याहून वाईट. खोटं बोलणारा निदान आतून घाबरलेला असतो, त्याच्या आवाजावरून समोरच्याला संशय तरी येतो. माझा आवाज खणखणीत होता.

परभणीत एका वाचनालयाच्या मागच्या खोलीत आम्ही चार-पाच जण पत्रकं गोळा करतो. मोर्च्याची, संपाची, गावसभेची, पाणी सोडा म्हणणारी, एसटी सुरू करा म्हणणारी, दारूचं दुकान हलवा म्हणणारी. ज्यांना लोक पाम्प्लेट म्हणतात आणि संध्याकाळी भेळ बांधायला वापरतात, ती. सरकारी दप्तरात सरकार काय म्हणालं ते सापडतं. लोक काय म्हणाले ते या चतकोर कागदांवरच राहिलेलं असतं, आणि हे कागद कोणी जपत नाही. म्हणून आम्ही ते जमवतो, त्यांचे फोटो काढतो, मजकूर टाइप करतो आणि शोधता येईल असा ठेवतो.

मला या कामाची ओढ असणं साहजिक होतं. सेलूत आमचे वडील जिनिंगच्या कामगारांसाठी पत्रकं लिहायचे. घरात गोष्टींची पुस्तकं कमी आणि प्रुफांचे गठ्ठे जास्त. मी अक्षरं शिकले ती ‘कामगार बंधूंनो आणि भगिनींनो’ यावरून. एकदा मी सात-आठ वर्षांची असताना वाटून उरलेल्या पत्रकांवर एका शब्दाची चूक पेनानं सुधारत बसले होते. मला वाटलं, शाबासकी मिळेल. वडिलांनी पेन काढून घेतलं. म्हणाले, वाटलेल्या कागदावर हात चालवायचा नाही. चुकलं असेल तर नवं पत्रक काढायचं आणि चुकलो म्हणायचं. लोकांच्या हातात गेलेला शब्द नंतर गुपचूप बदलणं ही लबाडी आहे.

हा नियम माझ्या हाडात बसला. त्याचं पुढे काय झालं, ते येतंच आहे.

आमचं सर्च इंजिन उभं केलं ते जिंतूरच्या ताईनं. ती आमच्यापैकी कोणाचीच नात्यानं ताई नाही, पण सगळे तिला तेच म्हणतात. पुण्यात मोठ्या कंपनीत काम करून ती जिंतूरला परत आली आणि आता घरून काम करते. तिचा धंदाच हा: कोट्यवधी कागदांतून हवा तो कागद क्षणात पुढे आणणारी यंत्रणा सांभाळणं. दर शनिवारी ती एसटीनं परभणीला येते, डबा घेऊन, आणि दिवसभर आमचं काम करते. त्याचं कोणी तिला काही देत नाही. तिनं कधी तसा विषयही काढला नाही.

आमच्याकडे तीन जुने कॉम्प्युटर आहेत. एक आमच्या खोलीत टेबलाखाली, एक सेलूला एका हितचिंतकाच्या दुकानाच्या माडीवर, एक ताईच्या घरी जिंतूरला. तीन का, तर लाईट जाते म्हणून. परभणीची गेली तर सेलूची असते, सेलूची गेली तर जिंतूरची. तिन्हीकडची एकदम गेली की आम्ही चहा प्यायला जातो.

ताईनं सगळी पत्रकं सहा भागांत विभागली. त्या धंद्यात अशा भागाला शार्ड म्हणतात. आम्ही कप्पा म्हणतो. प्रत्येक कप्पा एका मशीनवर, आणि त्याची हुबेहूब प्रत दुसऱ्या मशीनवर. एक मशीन बंद पडलं तरी कागद हरवत नाही. कुठलं पत्रक कोणत्या कप्प्यात जाणार, हे तालुक्याच्या नावावरून ठरतं. तालुका दिला की इंजिन त्या नावावरून एक हिशेब करतं आणि शून्य ते पाच यांतला एक आकडा काढतं. तेच नाव दिलं की तोच आकडा येतो, दरवेळी, न चुकता. ठेवतानाही तोच हिशेब आणि शोधतानाही तोच. त्यामुळे शोधणाऱ्यानं तालुका सांगितला, की इंजिन सहा ठिकाणी धावत नाही. एकाच कप्प्याला विचारतं आणि उत्तर आणतं.

मला हे फार आवडलं होतं. इतकं, की मी ताईशी भांडून तालुका निवडणं सक्तीचं करून घेतलं. तिचा विचार होता, चौकट रिकामी ठेवायची मुभा असावी. रिकामी असली की इंजिन सहाही कप्प्यांना विचारेल. मी म्हटलं, आणि मग जिंतूरची इंटरनेटची लाईन रांगत असली की माणूस बसणार ताटकळत. लोक गावाकडून गाडी धरून येतात, त्यांना परतीची गाडी गाठायची असते. आपण लोकांचा वेळ खायचा नाही. मी टेबलावर हात आपटून बोलत होते. मला तसंच बोलता येतं.

ताईनं शेवटी मान्य केलं. फक्त एवढं म्हणाली, “ठीक आहे. पण तू लोकांना आधी दार निवडायला लावतेयस. दार चुकलं तर आतला माणूस ‘इथे नाही’ एवढंच सांगणार. ‘शेजारी बघा’ असं तो सांगणार नाही.”

मी मान हलवली आणि विसरून गेले.

मग एका बुधवारी दुपारी एक मावशी आल्या. सत्तरीच्या. कपाळावर भस्माच्या तीन रेघा, गळ्यात लिंगाची डबी, हातात कापडी पिशवी. पाथरीकडच्या एका लहान गावात त्यांचं किराणा दुकान आहे. पाथरीपर्यंत जीप, तिथून एसटी, मग स्टँडवरून चालत, असं विचारत विचारत त्या आल्या होत्या. पाणी दिलं तर आधी ओढणीनं वारा घेत बसणाऱ्या मलाच म्हणाल्या, तू पी, तुलाच लय उकडायलंय.

त्यांचं काम त्यांनी नीट सांगितलं. त्या लिंगायत. त्यांच्यात माणूस गेल्यावर जाळत नाहीत, बसवून पुरतात. गावाच्या ओढ्याकडेला एक पट्टी आहे, तिथे त्यांच्या चार-सहा घरांतली माणसं पुरलेली. मावशींचे मालकही तिथेच. सातबाऱ्यावर मात्र ती जागा गायरान म्हणून आहे. आता ग्रामपंचायत तिथे सोयाबीन वाळवायला मोठा ओटा आणि वर शेड बांधणार होती. येत्या सोमवारी ग्रामसभा. सरपंच तरुण मुलगा, उर्मट नव्हता. त्यानं मावशींना सांगितलं होतं, तुमचं म्हणणं खरं असंल, पण मला कागद दाखवा. माणसं आहेत म्हणून तोंडी सांगून शेड थांबत नाही.

आणि मावशींना कागद आठवत होता. त्या सून म्हणून गावात आल्या त्यानंतर चार-पाच वर्षांतली गोष्ट. एका मयताच्या वेळी त्या पट्टीवरून गावात वाद झाला होता. मग मारुतीच्या पारावर बैठक बसली, ती जागा पुरण्यासाठीच राहील असं ठरलं, आणि पुन्हा कोणी हरकत घेऊ नये म्हणून गावानं पाम्प्लेट छापून बाजारात वाटलं. गुलाबी कागद होता. त्यांच्या मालकांनी एक घरी आणलं होतं. पुढे पावसात भिंत पडली, त्यात पेटी गेली, पेटीत ते गेलं.

“मला दुसरं काई नगं, बाई,” त्या म्हणाल्या. “तेवढा एक कागद हुडकून द्या. आमचं माणूस हाय तितं. त्याच्या डोक्यावर सोयाबीन वाळवायलेत.”

मी पेटून उठले. ही अशीच तर कामं करण्यासाठी मी जन्माला आले आहे, असं मला वाटायचं. मी गावाचं नाव टाकलं. तालुक्याच्या चौकटीत मावशींनी सांगितलेला त्यांचा तालुका निवडला. शोध दाबला. उत्तर आलं, शून्य. मी ‘स्मशान’ टाकलं, ‘दफन’ टाकलं, ‘ओढा’ टाकलं, ‘गायरान’ टाकलं. तालुका तोच. शून्य. शून्य. दोन आले, पण ते दुसऱ्याच भागातल्या गायरानाचे. शून्य.

अर्धा तास मी शब्द बदलत राहिले. कुठे विचारतेय, ते एकदाही बदललं नाही.

मग मी मावशींकडे वळून सांगितलं, की असं पत्रक आमच्याकडे नाही. त्यांनी विचारलं, “कुठं कुठं बगितलं?”

मी म्हणाले, “सगळीकडे.”

त्यांनी पिशवीचे बंद आवळले. नंतर स्वतःशी बोलल्यासारखं म्हणाल्या, “मंग माजंच ध्यान चुकलं आसंल. लय वर्सं झाली.”

त्या गेल्या. मी दारापर्यंत पोचवायला गेले आणि परत येऊन रागानं एक पत्रक लिहायला घेतलं. मेलेल्यांच्या डोक्यावर शेड बांधणारी पंचायत, वगैरे. चांगलं धारदार होत होतं. तीन दिवस मी त्याला धार लावत होते. ज्या बाईच्या आठवणीवर मी पाणी ओतलं होतं, तिच्या बाजूनं मी लढतेय अशी माझी समजूत होती.

शनिवारी ताई आली. डबा ठेवायच्या आत मी तिला सगळं सांगितलं, पत्रकाचा मसुदाही वाचून दाखवला. तिनं ऐकलं. विचारलं एवढंच, की शोध कोणत्या कप्प्यात गेला होता.

मी म्हटलं, मला काय माहीत, इंजिनात गेला.

“इंजिन म्हणजे कोण?” ती म्हणाली. “सहा जण आहेत ते. कोणाला विचारलंस?”

खरं सांगते, मला हा प्रश्न तेव्हा बिनकामाचा वाटला. एक बाई हताश होऊन घरी गेलीय आणि ही कप्प्याचा नंबर विचारते.

ताई टेबलाशी बसली. मला वाटलं, ती माझ्यासारखीच शब्द टाकून बघेल. तिनं एकही शब्द शोधला नाही. तिनं इंजिनाला उलट विचारलं. ही एक सोय या इंजिनांत असते, मला माहीत नव्हती: शोध प्रत्यक्ष न करता आधी विचारता येतं, की समजा मी असा शोध केला, तर तू कोणाकोणाकडे जाशील? इंजिन कागद आणत नाही. फक्त यादी देतं: अमुक नंबरचा कप्पा, तो अमुक मशीनवर, त्याची प्रत तमुक मशीनवर. तालुका सांगितला असेल तर तेवढ्यापुरती. नसेल तर सगळ्यांची.

तिनं बुधवारचा माझा शोध जसाच्या तसा मांडला, मावशींच्या तालुक्यासकट, आणि विचारलं. पडद्यावर एकच कप्पा आला. कप्पा क्रमांक चार. मूळ जिंतूरला, प्रत सेलूला.

मग तिनं तालुका काढून टाकला आणि तेच पुन्हा विचारलं. सहा कप्पे आले, शून्यापासून पाचापर्यंत.

ती माझ्याकडे बघून हसली नाही, रागावली नाही, बोटही दाखवलं नाही. नुसती खुर्ची थोडी बाजूला घेतली, मला नीट दिसावं म्हणून. मी त्या दोन याद्या बघत राहिले. एकीत एक. दुसरीत सहा. माझं ‘सगळीकडे’ म्हणजे सहातला एक होता.

मी म्हटलं, पण तालुका तर बरोबर होता. मावशींनीच सांगितला होता.

“आजचा,” ताई म्हणाली. “तेव्हाचा कोणता होता?”

आता तुम्ही परभणी जिल्ह्यातले असाल तर तुमच्या ध्यानात आलं असेल. आपल्याकडचे तालुके फुटलेत. एकाचे दोन झाले, इकडची गावं तिकडे गेली, एवढंच काय जिल्ह्याचेही दोन झाले. मावशींचं गाव आज ज्या तालुक्यात आहे, तो मावशी सून म्हणून आल्या तेव्हा नव्हताच. तेव्हा ते सगळं पाथरीत होतं. पत्रकावर ‘तालुका पाथरी’ असंच छापलेलं असणार. आणि आम्ही पत्रकं भरताना तालुका कोणता घालायचा? जसा छापलाय तसा. हा नियम कोणाचा? माझा. पहिल्याच दिवशी मी सगळ्यांना उभं करून सांगितलं होतं, छापलेल्या शब्दाला हात लावायचा नाही. एकानं तेव्हा विचारलंही होतं, की गाव आता दुसऱ्या तालुक्यात आहे, तर आजचा लिहू का. मी त्याला इतिहासाच्या प्रामाणिकपणावर पंधरा मिनिटं ऐकवलं होतं.

शोधायच्या चौकटीत मात्र आजचे नऊ तालुके. ठेवताना जुनं नाव, शोधताना नवं. इंजिन दोन्ही वेळा इमानदारीत हिशेब करत होतं. पाथरी या नावाचा आकडा एक येत होता. नव्या तालुक्याचा चार. पत्रक एका कप्प्यात झोपलेलं आणि मी दुसऱ्या कप्प्याला हलवून उठवत होते.

ताईनं पुन्हा इंजिनाला विचारलं, पाथरी म्हटलं तर कुठे जाशील? कप्पा क्रमांक एक. मूळ जिंतूरला. प्रत परभणीला.

प्रत आमच्या टेबलाखालच्या मशीनवर होती. मावशी बुधवारी ज्या खुर्चीत बसल्या होत्या, तिच्यापासून हातभर अंतरावर.

मग ताईनं उठून मला खुर्चीत बसवलं आणि शोध मलाच करायला लावला. गावाचं नाव, तालुका पाथरी. एक पत्रक आलं. फोटोत रंग उडालेला होता, तरी गुलाबीपणा कळत होता.

मला ताईबद्दल आदर आधीही होता. हुशार आहे, मदत करते, असा. त्या दुपारी तो वेगळा झाला. मी आयुष्यभर उत्तरांवर भांडत आले. चूक उत्तर, बरोबर उत्तर, लबाड उत्तर. उत्तर देणाऱ्याला आपण गाठलं तरी होतं का, हे मी कधी विचारलं नव्हतं. ही बाई आधी तेच बघते. तेही कोणाला दोष न देता, शिंप्यानं शिवायच्या आधी कापड मोजावं इतक्या सहजपणे. मी तिला विचारलं, तुला बघताक्षणी कसं कळलं? ती म्हणाली, कळलं नव्हतं. शून्य आलं की मी आधी हेच बघते. शून्य म्हणजे ‘नाही’ असू शकतं आणि ‘तिथे नाही’ही असू शकतं, दोन्ही पडद्यावर सारखीच दिसतात.

आणि त्या इंजिनाबद्दलही मला तितकंच वाटलं. आपल्या ऑफिसांत जाऊन विचारून बघा, माझा अर्ज कोणाकोणाच्या टेबलावर गेला? सरळ उत्तर मिळतं का? हे इंजिन विचारलं की सांगतं. लपवत नाही. विचारलं मात्र पाहिजे.

आम्ही दोघींनी पत्रक वाचलं. मावशींना आठवत होतं ते सगळं त्यात होतं: ओढ्याकडेची पट्टी, तिच्या चारी बाजू, पारावरची बैठक. आणि त्यांनी न सांगितलेली एक ओळही होती. ती जागा लिंगायत घरांसाठी आणि गावातल्या कोणत्याही घरच्या तान्ह्या लेकरांसाठी राखली आहे, असं त्यात छापलेलं होतं. आपल्याकडे जाळणाऱ्यांच्या घरातसुद्धा अगदी लहान मूल गेलं तर ते पुरतात. गावातली अशी सगळी मुलं त्या पट्टीत होती.

रविवारी आम्ही पत्रकाच्या प्रती काढून मावशींच्या गावी गेलो. पाथरीहून जीपनं, ताई माझ्यासोबत. मावशी दुकानात गूळ तोलत होत्या. गिऱ्हाईक जाईपर्यंत आम्ही थांबलो. मग मी त्यांच्या पुढ्यात कागद ठेवला आणि सांगितलं, मावशी, मी बुधवारी तुम्हाला सगळीकडे शोधलं म्हणाले. ते बरोबर नव्हतं. मी एकाच ठिकाणी शोधलं होतं. सहा ठिकाणं होती.

मला वाटलं होतं त्या रागावतील, निदान दोन शब्द ऐकवतील. त्यांनी कागद उजेडात धरला, बोट ठेवत ठेवत सावकाश वाचला आणि म्हणाल्या, “म्हंजी माजं ध्यान बरुबर हुतं.”

एवढंच. पण ते ज्या सुरात म्हणाल्या, त्यावरून मला कळलं की बुधवारी मी त्यांच्यापासून काय काढून घेतलं होतं. कागद नव्हे. चार दिवस ती बाई स्वतःच्या डोक्यावरचा भरवसा हरवून दुकानात बसली होती.

तान्ह्या लेकरांच्या ओळीबद्दल मी विचारलं. तुम्हाला आठवत नव्हती का? त्या म्हणाल्या, आठवत होती. पण दुसऱ्याच्या घरचं दुःख आपल्या कामासाठी बाजारात कशाला न्यायचं? कागद बोलला तर बोलू दे.

कुणाचं दुःख वापरताना मी असा विचार कधी केला होता?

रात्री आम्ही दोघी मावशींकडेच राहिलो. सोमवारी ग्रामसभा शाळेच्या वऱ्हांड्यात होती. साठ-सत्तर माणसं, नेहमीपेक्षा बाया जास्त, कारण मावशींच्या दुकानात सगळ्यांचं येणं-जाणं. मी धारदार मसुदा खिशात घेऊन गेले होते. मावशींना त्याचा अंदाज आला असावा. आत जाताना त्यांनी माझं मनगट धरलं. “भाषण नगं,” म्हणाल्या. “कागद तेवढा वाच. जसा हाय तसा.”

मी जसा आहे तसा वाचला. एक शब्द पुढे नाही, एक मागे नाही. माझ्या आयुष्यातलं ते सगळ्यात लहान भाषण. तान्ह्या लेकरांच्या ओळीपर्यंत मागच्या बाजूला कुजबुज चालू होती, शेड हवीच म्हणणारे दोघे-तिघे हसतही होते. त्या ओळीनंतर कुजबुज थांबली. खांबाशी बसलेल्या एका बाईनं पदर तोंडावर घेतला. दुसरी एक, सोयाबीनवाल्या मोठ्या घरातली, उठून उभी राहिली. आपलं पहिलं तिथंच हाय, एवढं म्हणाली आणि खाली बसली. तिचा नवरा शेड हवी म्हणणाऱ्यांत होता. त्यानं तिच्याकडे पाहिलं नाही, पण नंतर तोंडही उघडलं नाही.

सरपंचानं पत्रक हातात घेऊन दोनदा वाचलं. मी त्याच्याविरुद्ध तीन दिवस घासून घासून वाक्यं तयार केली होती. त्यानं ती वापरायची संधीच दिली नाही. मला हे ठाऊक नव्हतं, म्हणाला. शेड एसटी थांब्याकडच्या मोकळ्या जागेत घेऊ. ग्रामसेवकाला त्यानं ठराव लिहायला सांगितला: ओढ्याकडेची पट्टी पुरण्यासाठी राखीव, मोजणीसाठी तहसीलला अर्ज. कोणी हात वर करून विरोध केला नाही. मोजणी अजून व्हायची आहे. ठराव मात्र वहीत आहे, आणि त्याला ते पत्रक जोडलेलं आहे.

परतताना जीपमध्ये ताई काहीतरी लिहीत होती. मला वाटलं, सभेची आठवण. तिनं चौकट कशी बदलायची ते मांडलं होतं.

आता आमच्याकडे तालुका सक्तीचा नाही. काही न निवडता शोधलं की सहाही कप्प्यांना विचारलं जातं. वेळ लागला तर लागू दे, लोक चहा पितील. पत्रकावर छापलेला तालुका आम्ही अजूनही तसाच ठेवतो, त्यावर मी आजही हटून आहे, आणि ताईनंही हट्ट सोडायला सांगितलं नाही. त्याशेजारी आम्ही एक वेगळी यादी करतो: हे गाव आधी कुठे होतं, मग कुठे गेलं. शोधणाऱ्यानं आजचा तालुका सांगितला तरी इंजिन त्या गावाच्या जुन्या तालुक्याच्या कप्प्यातही जातं. आणि पडद्याच्या तळाशी ताईनं एक ओळ घातली आहे, ती मला आमच्या सगळ्या पत्रकांहून जास्त आवडते. तिथे दिसतं, किती कप्प्यांना विचारलं आणि किती कप्प्यांकडून उत्तर आलं. एखादा कप्पा मूळ आणि प्रत दोन्हीकडे बंद असेल तर तेही स्पष्ट दिसतं. त्या दिवशी आम्ही कोणालाही ‘नाही’ म्हणत नाही. ‘अजून विचारून व्हायचंय’ म्हणतो.

गावांची ती यादी अर्धीमुर्धी आहे. सरकारी कागदावरून मोठी गावं भरता आली. वाड्या, वस्त्या, तांडे, ओढ्यापलीकडे सरकून वसलेली गावं, दोन तालुक्यांच्या हद्दीवर असल्यानं कधी इकडे कधी तिकडे मोजली गेलेली, ती आम्हाला सापडत नाहीत. ती तुमच्या घरातल्या माणसांना तोंडपाठ आहेत, आणि ती माणसं म्हातारी होत चालली आहेत.

म्हणून हे वाचून झालं की उठा. घरातल्या नाहीतर गल्लीतल्या सगळ्यात वयस्कर माणसाजवळ जाऊन बसा आणि विचारा: आपलं गाव कोणकोणत्या तालुक्यात होतं, कचेरीच्या कामाला तेव्हा कुठे जावं लागायचं, बाजार कुठला होता? ते सांगतील तसं एका कागदावर लिहा. तुम्हाला ठाऊक आहे त्याहून वेगळं असलं तरी दुरुस्त करू नका. खाली सांगणाऱ्याचं वय लिहा, आणि तो कागद तुमच्या जवळच्या सार्वजनिक वाचनालयात आजच्या आज नेऊन द्या.